डाव्या हाताचा पास

आम्रपालीने न बघता, पाठीमागून, डाव्या हाताने चेंडू सोडला आणि शर्मिलाने हात वर केलेच नाहीत. चेंडू तिच्या खांद्यावर आपटून भिंतीपर्यंत घरंगळत गेला. कोर्टवरच्या सगळ्याजणी जिथल्या तिथे थांबल्या. या बास्केटबॉल संघात तिचा सरावाचा पहिला दिवस होता. नव्या मुलीकडून चूक झाली असती तर कुणीतरी ओरडायला हवं होतं, पण कुणी ओरडलं नाही.

"सॉरी ताई," आम्रपाली म्हणाली. "जोरात आला का?"

शर्मिला संघाची कर्णधार. ती आम्रपालीकडे नुसती बघत राहिली, मग पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ परत आली नाही. प्रशिक्षक सर्जेराव यांनी तोंडातली शिट्टी काढली.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

तिने पुन्हा केलं. वाकून डावा तळवा पायमोज्याला पुसला, चेंडू घेतला, नजर उजवीकडे नेली आणि हात डावीकडे. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. वाघोलीच्या कॉलेजात कोर्टच्या उजव्या बाजूची फरशी उखडलेली होती, तिकडे चेंडू भलतीकडेच उसळायचा. म्हणून चार वर्षांत डाव्या हाताला ही सवय लागली होती.

सराव संपल्यावर बुटांच्या नाड्या सोडताना शर्मिला म्हणाली, "तुझ्या जागी अस्मिता खेळायची. मार्चमध्ये गेली. नगर रोडला, स्कूटरवर. तू अगदी..." आणि नाडीची गाठ सुटत नसल्यासारखी ती खालीच बघत राहिली.

त्या पहिल्या मोसमात आम्रपाली बहुतेक वेळ बाकावरच होती. सामन्यामागे सात-आठ मिनिटं मिळायची. तेवढ्यात एक गोष्ट हमखास घडायची. धावपळीत कुणीतरी "अस्मी!" अशी हाक मारून चेंडू मागायची. हाक मारणारीला भान नसायचं. पण आम्रपालीची मान वळायची, चेंडू बरोबर तिथे जायचा, आणि दोन पावलं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात यायचं की ही हाक आपली नव्हे.

डावीकडच्या तिसऱ्या रांगेत एक बाई बसत. साठी उलटलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, मांडीवर कापडी पिशवी. त्या टाळ्या वाजवत नसत. चेंडू कुठेही असो, त्यांचे डोळे आम्रपालीवर असायचे. ती बाकावर बसली, तरी बाकावर.

"अस्मिताच्या आई," शर्मिलाने सांगितलं. "वासंतीबाई. नारायण पेठेत असतात, शाळेत गणित शिकवायच्या. आम्ही सगळ्या भेटायला गेलो होतो. म्हणाल्या, रडायचं असेल तर आपापल्या घरी जाऊन रडा, मला कुकर लावायचाय."

दुसऱ्या मोसमात आम्रपाली पहिल्या पाचांत आली. तिच्याबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, त्यातल्या दोन अस्मिताबद्दल होत्या. तेव्हा तिने शर्मिलाकडून अस्मिताच्या शेवटच्या सामन्याचा व्हिडिओ मागून घेतला आणि बसमध्ये खिडकीशी बसून पाहिला.

पडद्यावरच्या मुलीने वाकून डावा तळवा पायमोज्याला पुसला. उजवीकडे पाहिलं. चेंडू पाठीमागून डावीकडे गेला.

आम्रपालीने व्हिडिओ तिथेच थांबवला. फोन मांडीवर पालथा ठेवला. स्वारगेट येईपर्यंत ती स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होती. ती या मुलीला कधीही भेटली नव्हती, तिचं नावही तिने संघात आल्यावर ऐकलं होतं.

घरी बोलायची सोय नव्हती. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात भूत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींना थारा नव्हता. वडील सीताराम मार्केट यार्डात तोलणार म्हणून कामाला होते. काट्यावर दिसेल तेवढंच खरं, असा त्यांचा हिशेब. तरी एका दुपारी, ते जेवत असताना, तिने सगळं सांगून टाकलं.

सीतारामांनी घास खाली ठेवला. "भीती वाटते का तुला?"

"भीती नाही, पप्पा. मी खेळते तेव्हा मीच खेळते का, ते कळत नाही."

"खेळून दमतं कोण?"

"मीच."

"मग झालं," ते म्हणाले. पण त्यांनी घास लगेच उचलला नाही, हे तिने पाहिलं.

पुढच्या सामन्यात तिने डाव्या हाताची दोन बोटं पट्टीने एकत्र बांधली. दुखतंय म्हणून सांगितलं. संपूर्ण पूर्वार्धात ती फक्त उजव्या हाताने खेळली, समोर बघून, पुस्तकात असतं तसं. संघ बारा गुणांनी मागे पडला. तिने वर पाहिलं. वासंतीबाई पुढे झुकल्या होत्या, पुढच्या खुर्चीची पाठ धरून, जमिनीवर पडलेली सुई शोधावी तशा कोर्टभर बघत होत्या.

तिसऱ्या सत्रात पट्टी घामाने सुटली. हात आपोआप पायमोज्याकडे गेला. त्यानंतरचे चार पास तिला आठवत नाहीत. सामना त्यांनी जिंकला. वर पाहिलं तेव्हा वासंतीबाई परत खुर्चीला टेकून बसल्या होत्या.

मग त्या कोल्हापूरलाही दिसल्या, नागपूरलाही. डावी बाजू, तिसरी रांग. त्या कधी जवळ आल्या नाहीत, बोलल्या नाहीत. सर्जेरावांना विचारलं तर ते म्हणाले, "तिकीट काढून येत्यात. आपण कोण अडवणार?" आणि शिट्टी फुंकून निघून गेले.

तिसऱ्या मोसमात आम्रपालीचे असिस्ट, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, लीगमध्ये सगळ्यांत जास्त होते. शर्मिलाचे हात आता वेळेवर वर यायचे, "अस्मी" अशी हाकही क्वचितच ऐकू यायची. पण आम्रपालीची झोप उडाली होती. सामन्याआधी चपला घालतानासुद्धा आधी कोणता पाय पुढे टाकायचा, हे ती ठरवून टाकायची. म्हणजे निदान तेवढं तरी आपलं. जानेवारीत कोचीच्या संघाकडून बोलावणं आलं. अटी नीट न वाचताच ती हो म्हणाली. तिथे अस्मिताचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

पुण्यातला शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. तो संपला, लोक पांगले, सफाईवाल्या कांताबाई एका टोकाकडून झाडत यायला लागल्या. वासंतीबाई बसूनच होत्या. आम्रपाली घामेजल्या कपड्यांनीच पायऱ्या चढून वर गेली.

"बस," वासंतीबाई म्हणाल्या. "उभं राहून काही जास्त ऐकू येत नाही."

ती एक खुर्ची सोडून बसली. वाक्यं घोकून आली होती, ती आता आठवेनात.

"बाई, मी तुमच्या मुलीची नक्कल करत नाही. मी तिला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं."

"माहीत आहे मला."

"सगळ्यांना वाटतं की तिचं काहीतरी माझ्यात..."

"सगळ्यांना काय वाटतं, त्याचे गुण मी पंचवीस वर्षं कापत आले," वासंतीबाई म्हणाल्या. पिशवीचे बंद त्यांनी एकदा सारखे केले. "अस्मिताला डाव्या हाताने धड कंगवा धरता यायचा नाही. हा पास ती शेवटचे दोन महिने करायची, फक्त. जानेवारीत वाघोलीला कुठल्याशा कॉलेजात स्पर्धा बघायला गेली होती. परत आली ती जेवलीसुद्धा नाही, भिंतीवर चेंडू मारत बसली. म्हणाली, आई, तिथे एक मुलगी आहे."

आम्रपालीचे हात मांडीवर होते. ते तिने हलवले नाहीत.

"वाकून पायमोज्याला हात पुसायची. मी म्हटलं, अगं, ते तरी कशाला? तर म्हणे, यातला कामाचा भाग कोणता ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून सगळंच करून बघते."

खाली कांताबाईंचा झाडू चालू होता. वासंतीबाई तो थांबायची वाट बघत असाव्यात. तो थांबला नाही.

"मार्चमध्ये तिथे पुन्हा स्पर्धा होती. ही गेली. त्या दिवशी तू खेळली नाहीस."

"ताप होता," आम्रपाली म्हणाली.

"असेल. तिने तिथूनच फोन केला. आई, ती आलेली नाही, पण नाव मिळालं, लिहून घे, मी विसरेन. मी दुधाच्या कार्डामागे लिहून घेतलं. मग ती निघाली." वासंतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाव मीच सर्जेरावांना दिलं. कुणी सुचवलं ते तुला सांगायचं नाही, असं बजावून."

"पण का?"

"ती काय बघायला गेली होती, ते मला बघायचं होतं."

आम्रपालीला पहिला मोसम आठवला, बाकावरचे ते तास, आणि आपल्यावरून न हललेले ते डोळे. तीन वर्षं तिला वाटत होतं की आपल्या अंगात कुणी दुसरी शोधली जाते आहे. पण शोधली जात होती ती तीच. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला की. रागावल्याशिवाय कुणी नागपूरपर्यंत येतं का, तेही उन्हाळ्यात?"

"आणि दिसलं का? ती जे बघायला..."

वासंतीबाईंनी रिकाम्या कोर्टकडे पाहिलं, डावीकडे, जिथे कुणी उभं नव्हतं.

"कधी कधी दिसतं," त्या म्हणाल्या. "पुरतं नाही. तू पुणं सोडते आहेस, असं शर्मिला म्हणाली. कुठे?"

कुणी विचारलं तर बंगळुरू म्हणायचं, असं आम्रपालीने कधीच ठरवून ठेवलं होतं. वासंतीबाईंनी पिशवीतून पेन काढलं, मागोमाग एक घडी केलेला कागद, आणि तो गुडघ्यावर ठेवून सरळ केला. त्यांचं पेन थांबून राहिलं. घाई नव्हती त्यांना.

"कोची," आम्रपाली म्हणाली. "पहिला सामना ऑक्टोबरमध्ये आहे."