जानेवारीतले मार्क

आमच्याकडे जानेवारीत, रेसचा मोसम सुरू व्हायच्या आधी, ड्रायव्हरचं डोकं तपासतात. कॉम्प्युटरवर वीस शब्द दाखवतात आणि थोड्या वेळानं विचारतात, यातले किती आठवतात. मग आकडे उलटे म्हणायला लावतात. ते मार्क डॉक्टरीण जपून ठेवते. पुढे गाडी कुठे आपटली की पुन्हा तीच परीक्षा. मार्क जानेवारीइतके पडले तर गाडीत बसायचं, कमी पडले तर घरी.

म्हणून जानेवारीत जरा ढ व्हायचं असतं. हे कोणी कोणाला शिकवत नाही, असं सगळे सांगतात. माझ्या मुलाला मी शिकवलं, स्वयंपाकघरात पीठ मळता मळता.

"दर तिसरा शब्द सोडून दे. सगळे सोडू नकोस, नाहीतर बिनडोक म्हणून काढतील."

"तसंही म्हणतात," टॉल म्हणाला. "तुझ्यावर गेलोय ना."

"माझ्यावर गेला असतास तर सातच्या जागी सतरा रेस जिंकला असतास."

टॉलिव्हर लाउडर, वय अडतीस, त्रेसष्ट नंबरची गाडी. एकोणीस वर्षं हाच धंदा. त्याचे वडील हार्लन मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचे. तेव्हा परीक्षा नव्हती, आपटणाऱ्याच्या तोंडावर बादलीभर पाणी मारायचे आणि उठला तर बरा आहे म्हणायचे. आमच्या भागात लाउडर म्हटलं की पेट्रोल पंपावर लोक अजून आम्हाला आधी जाऊ देतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये टॉलचा टायर फुटला आणि गाडी भिंतीवर गेली. तीन आठवडे तो घरी होता. मग परीक्षा झाली. मार्क जानेवारीइतकेच, उलट एक जास्त. त्या रविवारी चर्चमध्ये मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले.

घरी जेवायला बसलो. टॉलनं प्रार्थना म्हटली, आम्ही चमचे उचलले. त्यानं पुन्हा मान खाली घातली आणि तीच प्रार्थना पहिल्यापासून म्हटली. त्याची बायको केंड्रा ताटाकडे बघत राहिली.

"देवाला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," मी म्हणाले. सगळे हसले. टॉल सगळ्यांच्या नंतर हसला.

पुढच्या शनिवारी सराव होता. मी नेहमीसारखी आमच्या ट्रकच्या टपावर खुर्ची टाकून, कानाला हेडफोन लावून बसले होते. माझा धाकटा भाऊ वेल्डन समोर प्रेक्षकांच्या गॅलरीच्या छपरावर उभा होता. गाडीतून आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून तो वरून बघून रेडिओवर टॉलला सांगत असतो.

"आतून एक आलाय. अजून आतच. दाराशी. गेला मागे. मोकळं."

सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. मग टॉलचा आवाज आला. "वेल्डनमामा, भिंत कुठल्या बाजूला आहे?"

आमचा ट्रॅक गोल, आम्ही डावीकडेच वळतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत डावीकडे. भिंत उजवीकडेच असते. आमच्याकडे शेंबड्या पोराला हे माहीत असतं.

वेल्डन हळू म्हणाला, "उजवीकडे, बाळा. दुसऱ्या चॅनेलवर ये."

मी बटण फिरवत फिरवत त्यांना गाठलं.

"कोणाला बोलू नकोस," वेल्डन सांगत होता. "उद्या मी तुला एकेक वळण सांगेन."

"बरं," टॉल म्हणाला.

उद्या म्हणजे रेस, चाळीस गाड्या एकमेकींना चिकटून. मी हेडफोन काढला. वाटलं होतं रडू येईल. भूक लागली होती. खाली उतरून टोमॅटोचं सँडविच घेतलं, पूर्ण खाल्लं, हात पुसले आणि डॉक्टरणीच्या खोलीकडे निघाले. सराव संपला होता. वेल्डन धापा टाकत आडवा आला.

"आर्डी, कुठं चाललीस?"

"तुला माहितीये कुठं."

"त्याची गाडी जाईल. ती ओहायोची बदली ड्रायव्हर पोरगी हेल्मेट घेऊन तयारच बसलीये. एकदा गाडीत बसली की उठत नाही ती."

"बसू दे."

"मी सांगणार आहे ना त्याला सगळं!"

"आणि रेडिओ बंद पडला तर?"

"नाही पडत."

"टायर पण फुटत नव्हता. बाजूला हो, वेल्डन. वजन वाढलंय तुझं, वाट अडते."

डॉक्टरीण काहीतरी लिहीत होती. मी उभ्यानंच सांगितलं, "टॉलचे जानेवारीतले मार्क खोटे आहेत. सोडलेले शब्द त्याला येत होते. आज त्याला भिंत कुठे आहे ते आठवलं नाही."

"सोडायला कोणी सांगितलं?"

"मी."

तिनं चष्मा काढला. "आर्डिथबाई, हे ऐकल्यावर मला त्याला बसू देता येणार नाही. या वर्षी तरी नाहीच. पुढचं मी सांगू शकत नाही."

"कळलं. शाळा कमी झालीये माझी, कान शाबूत आहेत."

तिनं कागद पुढे केला. मी सावकाश सही केली.

परत आले तेव्हा डॉक्टरणीचा फोन येऊन गाडीच्या मालकांचं टॉलला सांगून झालं होतं. तो गाडीपाशी उभा होता.

"कोण बोललं?"

वेल्डन बुटांकडे बघत होता.

"मी बोलले."

टॉल माझ्याकडे बघत राहिला. मी शिव्यांची वाट बघत होते. "बरं," तो म्हणाला.

एक मेकॅनिक केस वाळवायचं यंत्र घेऊन आला. दाराच्या वर छपराच्या कडेला ड्रायव्हरचं नाव चिकटवलेलं असतं, ते गरम करून काढतात. तो पट्टी मधूनच ओढायला लागला. टॉलनं यंत्र त्याच्याकडून घेतलं.

"कोपऱ्यापासून धर. ओढू नकोस, रंग निघेल."

लाउडर हे अख्खं नाव त्यानं एका पट्टीत सोडवलं. पट्टी हातात घेऊन इकडेतिकडे बघायला लागला. मी हात पुढे केला. त्यानं दिली. ती स्वतःलाच चिकटून तिचा गोळा झाला. मी तो पर्समध्ये टाकला.

मग आम्ही घरच्या गाडीपर्यंत चालत गेलो. त्यानं किल्ली मागितली नाही. ड्रायव्हरच्या शेजारचं, उजवीकडचं दार उघडून बसला आणि पट्टा लावला. मी गाडी सुरू केली.