टेबलावरची अर्धवट चीर

मित्रांनो, पुस्तकबांधणीच्या दुकानातले मी एक जुने टेबल. माझ्या पुढच्या कडेला करवतीची चीर आहे, बोटाच्या पेराएवढी. तिची हकिकत सांगितली की माझे निम्मे आयुष्य सांगून होते.

सुताराने मला जाड फळ्यांचे केले आणि खोलीच्या मधोमध ठेवले. एका बाजूला ताई बसे, समोर तिचा धाकटा भाऊ. ताई पाने शिवून गठ्ठा पलीकडे सरकवी, भाऊ त्याला खळ लावून पुठ्ठा चिकटवी. गिऱ्हाइके माझ्यावर हात फिरवून म्हणत, "टेबल असावं तर असं."

शिवता शिवता ताई गोष्टी मोठ्याने वाची. एका गोष्टीत दोन खलाशी होडीत सारखे भांडत, आणि बेटावर उतरल्यावर एकाच झाडाखाली सुखाने झोपत. "होडीच वाईट होती, ताई," भाऊ म्हणाला होता.

पण समोरासमोर बसले की नजर दुसऱ्याच्या हातांवर जाते.

"खळ किती थापतोस?"

"तू तुझा दोरा बघ."

वर्षानुवर्षे हेच. ताईला सुलटा असलेला गठ्ठा भावाकडे उलटा पोचे. तो दर वेळी फिरवून घेई. एकदा शाळेची चाळीस पुस्तके आली. भावाचे काम हलके व्हावे म्हणून ताईने गठ्ठे आधीच फिरवून दिले. वरचे पान कोरे, त्यामुळे उलटसुलट कळेना. भावाने सवयीने ते पुन्हा फिरवले. चाळीसही पुस्तके उलट्या पुठ्ठ्यात बांधली गेली.

"सांगायचं तरी होतंस."

"तुला काही सांगायची सोय आहे का?"

"मग वेगळेच बसू."

"बसू. टेबलही निम्मं कापून घे."

सुतार आला. त्याला उजेड हवा होता. "धरा दोघं," तो म्हणाला, आणि बहीणभावांनी मला उचलून खिडकीखाली, भिंतीला लावले. करवत पेरभर आत गेली आणि खिळ्यावर तिचे दात मोडले. "उद्या दुसरी आणतो," म्हणून तो गेला.

पुस्तके तर पुन्हा बांधून सकाळी द्यायची होती. भिंतीमुळे समोर बसायला जागा नव्हती, म्हणून दोघे शेजारी बसले. गठ्ठा आता बाजूला सरके आणि सुलटाच राही. नजर हातांवरून उठली की रस्त्यावर जाई.

"ताई, बघ, मास्तरांची टोपी उडाली."

"पळतायत बघ कसे. सायकल तशीच टाकून."

दोघे हसले. माणसे तीच होती, खळही तीच.

दुसऱ्या दिवशी सुतार दारात आला.

"आज नको," ताई म्हणाली.

"मग कधी येऊ?"

"कधीही ये," भाऊ म्हणाला. "फक्त करवत घरी ठेव."

पुढे दोघे थकले, बांधणी यंत्रावर गेली. आता मी अंधाऱ्या कोपऱ्यात आहे. माझ्यावर रिकामी खोकी रचली आहेत. तक्रार नाही. कुणाचे पटेनासे झाले, तर करवत मागवण्याआधी टेबल हलवून पाहा, एवढेच सांगणे.

आणि जमले तर मला पुन्हा खिडकीखाली न्या. मी जड आहे, एकट्याने हलणार नाही. दोघे या, एकाने एक टोक धरा, दुसऱ्याने दुसरे.