डोळ्याजवळचं चाक

"उलटा फिरवून राहिला गा तू," श्यामलाल काउंटरमागून म्हणाला. "निकॉन नोहे ते. सीधा घुमाव."

उमेंद्रनं हात थांबवला. लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडावर तिरकी होऊन बसली होती. त्याच्या निकॉनला ज्या बाजूला वळवली की लेन्स बसायची, त्याच बाजूला वळवली की कॅननची निघून हातात येत होती. बावीस वर्षं हात एकाच बाजूला फिरत आला होता. आता त्याला मुद्दाम सांगावं लागत होतं.

"शुरू शुरू में सबको होता है," श्यामलाल म्हणाला. "बायको बदलली तं माणूस आठ दिवसांत रुळते, पण कॅमेऱ्याची कंपनी..."

तो मध्येच थांबला. हातातल्या चहाकडे पाहत राहिला.

"माफ कर यार. मुंह से निकल गया."

"चालते," उमेंद्र म्हणाला आणि लेन्स पुन्हा लावायला लागला. या वेळी बसली.

अंजूला जाऊन सात महिने झाले होते. पावसाळा संपता संपता कावीळ झाली आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं.

श्यामलालचं गोंदियातलं दुकान महिनाअखेर बंद होणार होतं. तो रायपूरला मुलीकडे राहायला चालला होता. उरलेल्या सामानात हा कॅनन होता. दहा वर्षं वापरलेला, कोपरे घासलेला, पण मांडवातल्या कमी उजेडातही साफ फोटो देणारा. सोबत लांब पल्ल्याची एक लेन्स. उमेंद्रचा कॅमेरा हिवाळ्यात बंद पडला होता. शटर झिजलं होतं आणि नवीन बसवायचं तर त्यापेक्षा जुना कॅमेरा परवडत होता.

"बालाघाटच्या पार्टीले निकॉनचा पूरा सेट पायजे," श्यामलालनं पुन्हा सांगितलं. "दोन बॉडी, तीन लेन्स. तुझा बंदवाला पार्ट्ससाठी घेऊन घेईल तो. पण वहिनीचा चालू आहे ना, तो पायजेच. त्याच्याबिगर सौदा नाही. समजला?"

"समजलो."

"रविवारची शादी यानं मार. सोमवारी तुझं सामान घेऊन ये. नाही जमला तं वापस दे, दोस्तीत काही फरक नाही."

उमेंद्र कटरेचा स्टुडिओ चिचगडला, बाजाराच्या रस्त्यावर होता. तिथं येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा, घरी दुसरा कॅमेरा आहे ना, मग अडलं कुठं? तो म्हणायचा, लहान आहे तो, जुना आहे, मांडवात कामाचा नाही. यातलं थोडं खरंही होतं. पण अंजूच्या त्या कॅमेऱ्याच्या कपाटाचं दार त्यानं सात महिन्यांत उघडलं नव्हतं. सबंध हिवाळा त्यानं दुसऱ्याचा कॅमेरा मागून काम भागवलं होतं. आता कंपनीच बदलली तर सगळं एकदम घराबाहेर जाणार होतं, आणि कोणी विचारलंच तर सांगायला कारण होतं.

*

रविवारचं लग्न चिचगडच्या अलीकडच्या गावात, भैय्यालालकडे होतं. त्याच्या मुलीचं, रुचिकाचं.

पूर्वी अशा लग्नात दोघं सोबत जात. बसमधून उतरले की उमेंद्र मांडवाकडे वळायचा आणि अंजू घरात शिरायची. नवरीची हळद, बायकांची गाणी, एकमेकींच्या तोंडाला हळद फासणं, हे सगळं ती काढायची. संध्याकाळीच दोघांची भेट व्हायची. तिच्याजवळ येणाऱ्या बायका भरपूर बोलायच्या आणि उमेंद्रला बाहेर नुसतं हसणं ऐकू यायचं.

आज तो हळदीच्या खोलीपाशी गेला तेव्हा नवरीची काकी दारात आली.

"भाऊजी, तुमी बाहेरच राहा ना."

"दारातूनच काढतो. लांबची लेन्स आहे."

"लांबची असो का जवळची. पोट्टी लाजून राहिली." तिनं दार लोटलं आणि फटीतून म्हणाली, "अंजूवहिनी असती तं गोष्ट अलग होती. राग नोका मानू."

लांबच्या लेन्सनं हा प्रश्न सुटेल, असं त्यानं धरलं होतं. लोटलेल्या दाराला ती लेन्स काय करणार?

हार घालायच्या वेळीही फसगत झाली. नवऱ्यानं हात वर केले, उमेंद्रला दोघंही चौकटीत हवे होते, आणि हातानं झूम सवयीच्या बाजूला फिरवला. दोघं मागे जाण्याऐवजी अंगावर आले. फोटोत नवऱ्याचा कान आणि अर्धा हार आला. "अजून एक वेळ घाला," असं त्याला म्हणावं लागलं. पोरं हसली. भैय्यालाल हसला नाही.

दुपारी पंगती बसल्यावर तो घराच्या मागच्या बाजूला सावलीत आला. तिथं पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीला पाठ लावून नवरीची आजी उभी होती. सुशिलाबाई. पंचाहत्तरी ओलांडलेली, हिरवं लुगडं, पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढलेला.

"किती वेळ लावतेस?" ती म्हणाली. "मी कवाची उभी आहे."

"कायले मामी?"

"फोटोले! कायले म्हणजे?"

तेव्हा कुठं उमेंद्रला कळलं. 

अंजूला ही एक सवय होती. लग्नघरातल्या एकूण एक म्हाताऱ्या माणसाला ती भिंतीजवळ न्यायची आणि एकटीचा, एकट्याचा एक फोटो काढायची. अल्बममध्ये ते फोटो कधी लागले नाहीत. एकदा तो तिच्यावर चिडलाही होता. "ज्याचे पैसे नाही भेटत ते कायले काढतेस?" ती म्हणाली होती, "राहू द्या ना. तुमच्या ताटातलं खाऊन राहिले का ते?"

पुढं वर्षा-दोन वर्षांनी कोणी तरी डोकं भादरलेला मुलगा स्टुडिओत यायचा. भाऊ, आईचा एखादा फोटो असेल तर पाहा, परवा तेरवी आहे. उमेंद्र डिस्क लावायचा, आणि अंजूच्या फोल्डरमध्ये आई असायचीच. भिंतीजवळ, पदर नीट, नजर समोर. गावोगावच्या घरांत हार घातलेले असे किती फोटो असतील, ते त्यानं मोजलं नव्हतं.

अंजूची तेरवी आली तेव्हा त्यानं स्वतःच्या सगळ्या डिस्का पाहिल्या. त्याच्या फोटोंत ती कुठं कोपरापुरती होती, कुठं पाठमोरी, कुठं नुसतं पदराचं टोक. पूर्ण चेहरा एकाच फोटोत होता आणि त्यात ती मान खाली घालून कॅमेऱ्याचा पडदा पाहत होती. त्यानं तोच फ्रेम केला. "डोळे वर असलेला एकही नोहता का?" तिचा भाऊ मंगरू भरल्या घरात म्हणाला होता.

"मामी, तुमचा तं काढला असेल अंजूनं."

"काढला ना, मोठीच्या लग्नात. तवा मी जाडी होती. आता सुकली. मले कोणी ओळखन का त्या फोटोत?" सुशिलाबाईनं हनुवटी वर केली. "ते गेली ते मालूम आहे मले. म्हणून तं आपूनच उभी राहिली. काढ."

त्यानं कॅनन डोळ्याला लावला. चित्र साफ होतं, सुरकुती न सुरकुती दिसत होती.

"हसा थोडं."

तिनं तोंड आवळलं.

"मामी, हसा."

"हसा म्हटल्यानं हसते का कोणी? तुझी बाई तसं नोहती म्हणत."

"मग काय म्हणे ते?"

सुशिलाबाई आठवूनच हसायला लागली. "ते म्हणे, 'मामी, बुढ्यानं भाजीत मीठ नाही म्हटलं तं कशी पाहशील त्याच्याकडे? तशी पाह.' बुढा मरून दहा वर्षं झाले माझा, तरी मले तसंच पाहणं होऊन जाये."

उमेंद्रनं कॅमेरा खाली घेतला. बावीस वर्षं बाहेरून हसणं ऐकलं होतं. कशाचं हसणं, ते त्यानं अंजूला कधी विचारलं नव्हतं.

"मामी, बुढ्यानं भाजीत मीठ नाही म्हटलं तं..." त्यानं म्हणून पाहिलं.

"राहू दे बापा. तेरवीले आल्यावानी आवाज आहे तुझा."

त्यानं बटण दाबलं आणि तिला पडद्यावर दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"ही मी नोहे," ती म्हणाली. "ही तं माझी सासू."

*

सोमवारी सकाळी त्यानं कपाट उघडलं. अंजूचा कॅमेरा तिनं जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवून त्यात ठेवला होता. उमेंद्रनं बॅटरी चार्ज करून घातली आणि पिशवी न पाहता झोळ्यात टाकली, सोबत स्वतःचा बंद कॅमेरा, लेन्सा आणि कॅननही घेतला. पहिल्या बसनं गोंदिया गाठलं.

श्यामलालनं सामान काउंटरवर मांडलं. लेन्सा उजेडात धरून पाहिल्या, बुरशी नाही ना म्हणून. मग पिशवीची नाडी सोडून अंजूचा कॅमेरा काढला. पट्टा मानेपाशी यायचा तिथं काळपट झाला होता.

"बढिया ठेवला वहिनीनं," तो म्हणाला आणि कॅमेरा डोळ्याला लावून रस्त्याकडे वळला. "अरे, हे काय? सब धुंधला दिसून राहिला. लेन्समध्ये पाणी गेलं का?"

त्यानं बटण दाबून पडद्यावर फोटो पाहिला. फोटो साफ होता. समोरच्या चहाच्या ठेल्यावरची पाटीसुद्धा वाचता येत होती.

"हां, समजलं. डोळ्याचं चाक फिरलेलं आहे. वहिनीले चष्मा होता का?"

"दूरचा. फोटो काढताना नाकावर ठरे नाही, म्हणून काढून ठेवे."

"तेच तं. दोन मिनटाचं काम." श्यामलालनं अंगठा कॅमेऱ्याच्या वरच्या अंगाला नेला. पाहायच्या काचेशेजारी तिथं एक बारीक दातेरी चाक असतं. ज्याच्या डोळ्याला जसा नंबर, तसं ते फिरवून ठेवायचं.

उमेंद्रला स्टुडिओतला एक दिवस आठवला. हा कॅमेरा नवीन होता. अंजू स्टुलावर बसली होती, एक डोळा गच्च मिटून. तो म्हणत होता, हळू फिरव, साफ दिसलं की थांब. ती फिरवत गेली, पुढं गेली, मागं आली, आणि ओरडली, "दिसलं! अगाई, चिंचेचं पान न् पान दिसून राहिलं!" त्यानंतर त्या चाकाला कोणी हात लावला नव्हता. तिला जिथून साफ दिसलं, तिथंच ते थांबलं होतं.

"नोको फिरवू!"

त्यानं काउंटरवरून हात लांब करून श्यामलालचं मनगट धरलं होतं. चहाचा पेला कलंडला. दोघंही त्या हाताकडे पाहत राहिले.

"अरे, फिरवल्यानं खराब नाही होत ते," श्यामलाल हळू आवाजात म्हणाला.

"मालूम आहे."

"बालाघाटवाला नेईल तं तोही फिरवणारच आहे."

"हं."

श्यामलालनं कॅमेरा खाली ठेवला. सांडलेला चहा फडक्यानं पुसला, पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"देख यार, भावना ठीक आहे. पण या हप्त्यात तुझ्या दोन शाद्या आहेत. बारा वर्षांचा डब्बा आहे हा. मांडवात काय दिसन त्यात? अन् मी एकतीस तारखेले चाललो. पुन्हा कोणी असा सौदा देणार नाही तुले."

"नाही देणार."

"मग शाद्या कशानं मारशील?"

"यानंच."

"धुंधला पाहून?"

 उमेंद्रनं कॅनन पेटीत ठेवला, लेन्स काढून शेजारी ठेवली. काढताना हात पुन्हा उलटाच गेला. श्यामलालनं या वेळी फडक्याची घडी घातली. उमेंद्र निघाला तेव्हा श्यामलालनं एक नवा पट्टा खोक्यातून काढला, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, परत खोक्यात टाकून दिला.

*

परतीच्या बसमधून तो चिचगडपर्यंत गेलाच नाही. अलीकडच्या गावात उतरला. भैय्यालालच्या अंगणात मांडव अजून तसाच होता आणि खाली सुशिलाबाई तेंदूपानांचे पुडे बांधत बसली होती.

"काय गा, विसरून गेलास काही?"

"तुमचा फोटो राहिला, मामी."

"काढला ना काल."

"ते तुमची सासू होती म्हणता."

म्हातारीनं हातातला पुडा बांधून पूर्ण केला, मग गुडघ्यावर हात देत उठली. लुगडं रोजचं होतं, हातांना पानांचा वास. तिनं पदर दोन्ही खांद्यांवर ओढला आणि मागच्या भिंतीजवळ जाऊन उभी राहिली.

उमेंद्रनं कॅमेरा डोळ्याला लावला. पांढरी भिंत, तिच्यात मिसळलेले पांढरे केस, खाली काहीतरी निळं. चेहऱ्याच्या जागी नुसता एक सावळा डाग. डोळे कुठं आहेत ते कळत नव्हतं. अंगठा आपोआप चाकाकडे गेला. चाकाचे दाते त्याच्या कातडीला लागले. त्यानं अंगठा काढून घेतला.

बटण अर्धं दाबलं. आत काहीतरी फिरलं आणि टिक् असा आवाज आला. कॅमेऱ्याला दिसलं होतं.

"मामी," तो म्हणाला, "भाजीत मीठ नाही."

"तं खाऊ नोको!"

त्यानं बटण दाबलं.

"आली का मी?"

पडद्यावर काय आलं ते न पाहताच त्यानं कॅमेरा तिच्यापुढं धरला. तिनं पदरानं पडदा पुसला, मान मागं नेऊन पाहिलं, मग जवळ येऊन पाहिलं.

"हव," ती म्हणाली. "ही होय मी." आणि थोड्या वेळानं, "तुले दिसली ना मी बराबर?"

"नाही मामी. धुंधलं दिसलं."

"मंग चष्मा काऊन नाही करून घेत?"

"पाहू," उमेंद्र म्हणाला. चाकाला बोट लागणार नाही असा कॅमेरा धरून त्यानं तो परकराच्या पिशवीत ठेवला आणि नाडी बांधली.