ताईचा आवाज परत आला

"धाकटे, दार लाव गं, वारं येतंय," ताई म्हणायची. किंचित नाकातला आवाज, शेवटाला थरथरणारा. ताई गेली. दार उघडंच राहिलं, वारं येत राहिलं.

आणि आता तोच आवाज डोंगरमाथ्यावरच्या खाणीत, फोनमधून येत होता.

खाणीच्या दवाखान्यात, जिथे हा फोन होता, त्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. घरी बोलायला खाणीवर हा एकच इंटरनेटचा फोन, उपग्रहावरून चालणारा. त्यात सुरुंगवाल्याला मेलेला बाप ऐकू आला, स्वयंपाक्याला भाऊ. कोठी सांभाळणारा रातोरात महाराज झाला.

"गेलेल्यांना ताटकळवू नका!" डोळे फिरवत तो गरजला. "घरच्यांना सांगा, फोन स्पीकरवर ठेवा, आवाज पूर्ण! त्यांना ऐसपैस येऊ द्या!"

धाकटी इथली नर्स. फोन कानाला लावून ती आईला म्हणाली, "मी बरी आहे." क्षणभराने कानात ताई म्हणाली, "मी बरी आहे." "ही तर ताई!" धाकटी ओरडली.

"बहीण आईला न्यायला आलीय," महाराज कुजबुजला. "आता तू फोन केलास, की आईचं आयुष्य घटलंच समज."

आजारी आई, घरात एकटी. पुन्हा कधी बोलायचं नाही? धाकटी फोन ठेवणार, तोच दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. आईला सांग, स्पीकर बंद कर, फोन कानाला लाव. हं, आता बोल."

"आई... ऐकतेस ना?"

ताई आली नाही. स्पीकर पुन्हा लावला, ताई हजर. बंद केला, गायब.

"आत्मा भलताच आज्ञाधारक! बटणावर येतो, बटणावर जातो," बाई म्हणाल्या. "तिकडच्या स्पीकरमधून निघालेला तुझाच आवाज तिकडच्या माइकमध्ये शिरतो. पल्ला लांबचा, म्हणून उशिरा परततो."

"माझा आवाज असा नाहीये, बाई!"

बाईंनी तिचं ते वाक्य आपल्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. ऐकवलं. ताई!

"स्वतःचा आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून बाहेरून परका वाटतो. आणि आवाज नाकासारखा घराण्यात उतरतो. म्हणून सुरुंगवाल्याला बाप भेटला. काय महाराज, स्पीकर लावायला सांगणारे तुम्हीच ना?"

महाराजांना अचानक कोठीतली कामं आठवली.

"भीती वाटली तर आधी तपासून बघा रे," बाई गर्दीला म्हणाल्या. "हात जोडायला नंतरही वेळ असतो."

फोन अजून धाकटीच्या कानाला होता. "बाळा, बरी आहेस ना?" आईने विचारलं, नेहमीसारखं. आता शब्द परतून येणार नव्हते, आईपाशीच राहणार होते.

"नाही गं आई. ताई गेल्यापासून मी बरी नाहीये. मला फार भीती वाटते."