चादरीमागचा अग्निगोल

वाटीतला चमचा खण्णकन् फरशीवर पडला आणि महत्प्रयासाने जमलेली शांतता फुटली. पाळण्यातलं बाळ चुळबुळलं, पुन्हा झोपलं. चार वर्षांची भिंगरी चमच्याकडे असं बघत होती, जणू त्यानेच आपणहून उडी मारली.

तेवढ्यात वेधशाळेतल्या सरांचा फोन आला. "काल दिवेलागणीनंतर आभाळातून मोठा अग्निगोल गेला. आमच्या कॅमेऱ्यात आलाय. तुमच्याकडचं बघा पटकन."

भिंगरीच्या आईच्या अंगात बळ आलं. बाळ झाल्यावर वेधशाळेतली नोकरी सुटली. वेधशाळेने गच्चीवर बसवलेला, आभाळाकडे तोंड केलेला कॅमेरा तेवढा तिचा उरला होता. बाळ झोपलं की विमानं, उपग्रह आणि एक भोचक घुबड यांच्यातून ती उल्का निवडत बसे.

तिने कालचं चित्रण उघडलं. पांढरं. नुसतं पांढरं, मधूनच फडफडणारं. कोपऱ्यात एक चिमटा.

"अहो आई, गच्चीत चादर तुम्ही वाळत घातलीत?"

"मग काय करू?" सासूबाई म्हणाल्या. "या भिंगरीने गादीवर तळं केलं. दोरी भरलेली, म्हणून त्या डब्याच्या खांबाला दुसरी बांधली. भक्कम आहे हो खांब."

"डबा नाही तो, कॅमेरा आहे!"

"असू दे की. चादर काय खाणार आहे त्याला?"

चिडायचं तरी कुणावर? चादर धुतली म्हणून? तिने सरांना चादरीचं सांगितलं.

"अरेरे," सर फोनवर हळहळले. "संथ होता, तुकडे होत गेला. आभाळातला दगड म्हणावा तर तसा, जुना उपग्रह जळाला म्हणावं तर तसाही. दुसऱ्या जागेवरून दिसला असता तर उंची कळली असती, उंचीवरून वेग. वेगाशिवाय ओळखणार कसा?"

"मी पाहिला!" भिंगरी ओरडली. "हिरवा होता. मग त्याला पिल्लं झाली. आजीला दाखवेपर्यंत गेला."

फोन कानाशी तसाच धरून तिने लेकीला उचललं आणि गच्ची गाठली. "कुठून आला? बोट दाखव."

बोट पाण्याच्या टाकीकडे गेलं, तिथून शेजारच्या छपराकडे. "इथून... नाही, तिकडून. आई, कावळा बघ!"

"भिंगरे, नीट सांग!"

आवाज नको तितका चढला. लेकीची हनुवटी थरथरली.

"राहू द्या हो," सर म्हणाले. "लहान मुलाचं काय धरायचं? 'अनिश्चित' लिहून टाकतो. आणि तो कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर बसवू या का? तुमचीही ओढाताण होते."

नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "बरं."

फोन बंद झाला. तिने भिंगरीचे गाल पदराने पुसले, केस मागे सारले.

"आई, अनिश्चित म्हणजे?"

"म्हणजे ते काय होतं, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही."

"पण मी पाहिलं ना?"

"पाहिलंस गं, राणी."

"मग मी काय पाहिलं?"