तिसऱ्या खेपेला

अंबडच्या एका खासगी दवाखान्यात शिवकन्या कंत्राटावर साफसफाई करायची. पहिल्या लाटेत तिथं कोविड वॉर्ड उघडला. पेशंटची भांडी उचलणं, फरशी पुसणं, सगळं तिच्याकडं. तरी तिला साधं पडसंही झालं नाही. नोव्हेंबरात सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की तिला कोरोना कधीच होऊन गेला होता.

"आता तुला भ्यायचं बिलकुल काम न्हाई," इन्चार्ज सिस्टर बदरुन्निसा खुशीत म्हणाल्या.

शिवकन्या मनात महिने मोजू लागली. ऑगस्टात तिची सासू द्वारकाबाई चार दिवसांच्या तापानं गेली होती. वयानं गेली, असंच सगळे म्हणाले होते.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, "आत्याबाईला आजार मीच आणला असंल."

वसंतानं ताट तिच्यापुढं सरकवलं. मग म्हणाला, "भाकरी थंड होऊन राह्यली. जेवून घे."

त्यावर ते दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या लाटेत माणसं कमी पडली. हिला होऊन गेलाय, म्हणून सिस्टरनी तिला आयसीयूत लावलं. त्याच भरवशावर तिनं लसही पुढं ढकलली होती. आठव्या दिवशी तिला धाप लागली. ऑक्सिजन शहाऐंशीवर आला. सिस्टरनी भांडून तिला आपल्याच वॉर्डात खाट मिळवून दिली.

"मीच तुला तिथं घातलं," त्या खाटेपाशी वाकून म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांनी चष्मा वर केला.

"चष्म्याला हात लावू नका, सिस्टर," शिवकन्या धापा टाकत म्हणाली. "तुम्ही आजारी पडल्या तर वॉर्ड कोण बघंल?"

अकरा दिवसांनी ती घरी गेली. पायऱ्या चढताना पुढं दोन महिने दम लागायचा.

तिसऱ्या लाटेपर्यंत दोघींच्या दोन्ही लसी झाल्या होत्या. तरी जानेवारीत दोघी एकाच दिवशी पॉझिटिव्ह निघाल्या. ताप दोन दिवसांत उतरला, पण विलगीकरणाचे सात दिवस दवाखान्यातल्या एकाच खोलीत काढायचे होते. तिथं शिवकन्यानं सिस्टरना सासूचं सांगितलं. वसंता सोडून पहिल्यांदाच कुणाला.

सिस्टरनी समजूत घातली नाही. सासूचं नाव विचारलं, ओंजळ वर करून दुवा मागितली आणि म्हणाल्या, "मंग इतके दिवस एकटीच घेऊन बसलीस?"

शिवकन्या तोंडावर पदर घेऊन रडली.

आठव्या दिवशी दोघी ड्युटीवर गेल्या. वॉर्डात तीनच पेशंट होते आणि तिघंही घरी कधी सोडता म्हणून मागं लागले होते.