थांबलेलं घर

गावदेवीच्या देवळाबाहेर चपलांचा ढीग पडला होता, आणि त्यातली नम्रताची चप्पल कुणालीने बरोबर ओळखली. साधीच होती, पण टाचेला झिजलेली. रोज कुठेतरी जाणाऱ्या बाईची चप्पल अशी झिजते. कुणालीने स्वतःची त्या ढिगापासून जरा लांब काढली. बाळंतपणाआधी घेतलेली, अजून कोरी करकरीत होती.

दोघी आटगावच्या. शाळेपासून शहापूरच्या कॉलेजात बीएस्सी होईपर्यंत एका बाकावर बसलेल्या. मग कुणालीचं लग्न झालं, ती टोकावड्याजवळच्या या वाडीत आली, आणि मनू झाली. नम्रता शिकत राहिली. आता ती मुरबाडला कॉलेजात शिकवत होती, आणि आज कुणालीच्याच सासरच्या गावकीपुढे उभी राहून जत्रेच्या पैशातला वाटा मागत होती.

"आकाशात दगड फिरतायत," ती सांगत होती. "काही घराएवढे, काही डोंगराएवढे. मोठे बरेचसे सापडलेत, मधले अजून पुष्कळ राहिलेत. त्यातला एखादा पृथ्वीच्या वाटेवर असेल तर तो आधी कळायला हवा."

"कळून काय करायचं?" चंदर म्हणाला. त्याचा घाटरस्त्यावर ढाबा होता आणि गावकीत पहिला टोमणा नेहमी त्याचाच. "छत्री उघडून बसायचं?"

देवळात हशा पिकला. नम्रताही हसली. तिला राग आला नाही हे पाहून कुणालीला राग आला.

"पुष्कळ वर्षं आधी कळलं तर त्याला बाजूला ढकलता येतं, चंदरदादा. एकदा करून बघितलंय. मुद्दाम एका दगडावर यान आपटलं, त्याची वाट बदलली. तो काही आपल्या अंगावर येत नव्हता, नुसती परीक्षा होती."

"मग ज्यांनी आपटलं त्यांनीच पैसे द्यावे. आमचा ऑर्केस्ट्रा कशाला कापता?"

"ते देतात, आणि पुढल्या वर्षी हात आखडतात. न पडलेल्या दगडासाठी पैसे द्यायचं कोणाच्याही जिवावरच येतं." नम्रताने ओढणी सावरली. "मला दुर्बीण नको. मोठ्या दुर्बिणींनी काढलेले फोटो नेटवरून फुकट मिळतात, बघायला माणसं कमी पडतात. शाळेने खोली दिलीय. दोन बरे कॉम्प्युटर, नेटची लाईन आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर, एवढंच. मुलं शाळा सुटल्यावर बसतील."

"आमचा ऋतिक बसंल," मागून बुधी म्हणाली. "नायतरी मोबाईलमधी डोळं फोडतोच, तुमच्याकडं फोडंल."

कुणालीने मनूला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. हे काम तिला नवीन नव्हतं. कॉलेजात दोघींनी मिळून केलं होतं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो, थोड्या थोड्या वेळाने काढलेले. ते एकामागून एक भराभर फिरवायचे. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका सरळ रेषेत पुढे पुढे सरकतो, तो दगड. कुणालीची नजर तेव्हा नम्रताइतकीच पक्की होती. काडीभरही कमी नव्हती.

तिने नम्रताचा एखादा तरी दोष आठवून पाहिला. नम्रताने तिच्या वह्या लपवल्या नव्हत्या, की तिचं काम आपलं म्हणून सांगितलं नव्हतं. उलट लग्नात वरमाला धरून उभी होती आणि सगळ्यांत जास्त रडली होती. तिने काहीतरी हिसकावलं असतं तर बरं झालं असतं. निदान रागाला बसायला पाट मिळाला असता.

बोलणं संपलं तशी गावकीतल्या वडीलधाऱ्या महादूबाबांनी टोपली पुढे केली. या गावकीत हात वर करायची पद्धत नव्हती. जत्रेचा पैसा दुसऱ्या कामाला लावायचा असला की प्रत्येक घराने एक सुपारी आणायची आणि फडक्याने झाकलेल्या टोपलीत हात घालून ठेवायची. एका घराची जरी सुपारी कमी भरली तरी काम थांबायचं. कोणतं घर, का थांबलं, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. आठवड्याने परत बसायचं. तेव्हाही थांबलं, तर विषय पुढल्या जत्रेपर्यंत बंद.

नवरा भावेश टेम्पो घेऊन भिवंडीला गेला होता आणि सासूबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून घराची सुपारी कुणालीकडे होती. टोपली तिच्यापुढे आली. तिचा हात फडक्याखाली गेला. आत बाकीच्या सुपाऱ्या बोटांना लागल्या, गार आणि गुळगुळीत. समोर नम्रता उभी होती, तिच्याकडेच बघून हसत होती, आपलं माणूस सभेत असलं की हसतात तशी.

कुणालीची मूठ जशी आत गेली तशीच मिटलेली बाहेर आली.

महादूबाबांनी फडकं काढलं, सुपाऱ्या पाहिल्या आणि शांतपणे म्हणाले, "एक घर थांबलंय. येत्या मंगळवारी बसू."

नम्रताचा चेहरा उतरला. कुणालीला वाटलं होतं, आता पोटात गार पडेल. पडलं नाही.

घरी मनूला पाजायला बसली, तर पदराच्या गाठीतून सुपारी सुटली आणि घरंगळत सासूबाईंच्या, अंबूबाईंच्या, पायाशी जाऊन थांबली. त्यांनी ती उचलली, दिव्यापुढे धरून पाहिली. अंबूबाईंनी चंचीतून अडकित्ता काढला, कट्कन सुपारी फोडली आणि तोंडात टाकली.

"ब्येस हाय गो," चघळत त्या म्हणाल्या. "देवीला कशी काय नाय आवडली?"

कुणालीने मनूच्या डोक्यावर पदर ओढला. सासूबाई पुढे काही बोलल्या नाहीत. गावकीची रीत घरातही पाळतात, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि त्या गप्प बसण्याचा तिला फार जाच झाला. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

रविवारी नम्रता आली. हातात मनूसाठी खुळखुळा, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मनूला तिने असं धरलं, जसं काचेचं सामान धरतात. चहाचं आधण ठेवेपर्यंत मनू तिच्या चष्म्याला लोंबकळून झाली.

"कुणे, तुमच्या गावात माझं कोणाशी वाकडं आहे गं?"

"कशाला असेल?" कुणाली चुलीकडे तोंड करून म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "तू टोकावडंच का धरलंस? मी इथे आहे म्हणून?"

"नाही," नम्रता म्हणाली. "खोली फुकट मिळाली म्हणून."

कुणालीला हसू आलं. किती दिवसांनी कोणीतरी तिच्याशी असं सरळ बोललं होतं. दया नाही, माया नाही, खोलीचा हिशोब.

"बघू तरी," ती हात पुसत म्हणाली. "अजून तसंच असतं का?"

नम्रताने लॅपटॉप उघडला. राखाडी आकाश, त्यात पांढरे ठिपके. कुणालीचं बोट आपोआप बटणावर गेलं. एक, दोन, तीन, चार, परत एक. डोळे आधी चाचपडले, मग हळूहळू बसले. तांदूळ निवडताना खडा जसा आपण होऊन दिसतो, तसं काहीतरी व्हायला लागलं, तोच मनूने रडून घर डोक्यावर घेतलं. कुणालीने तिला उचललं. पण नजर पडद्यावरून निघेना.

"मुलं शाळा सुटल्यावर बसणार," ती म्हणाली. "दुपारी कोण बसेल?"

"दुपारी कोणी नाही. का?"

"ही दुपारी झोपते."

नम्रताने तिच्याकडे पाहिलं. "ये की मग. पण आधी पैसे तर मिळू देत. ते एक घर—"

"ते घर माझं."

चुलीवरचा चहा उतू गेला. दोघींपैकी कोणी उठलं नाही.

"का?" नम्रताने विचारलं.

वाडीतल्या कोणी हा प्रश्न विचारला नसता. सासूबाईंनी नाही, नवऱ्यानेही नाही. नम्रता बाहेरची होती, तिला रीत ठाऊक नव्हती. आणि कुणालीला वाटलं, आपण इतके दिवस याच एका शब्दाची वाट बघत होतो.

"तुझा हेवा वाटला," ती म्हणाली. "तू काही केलं नाहीस. तेच तर. तुझी चप्पलसुद्धा बघवत नाही मला."

नम्रताने खुळखुळा उचलला आणि परत खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते.

"मला वाटलं, कोणी म्हातारा असेल," ती म्हणाली. "त्याला समजावलं असतं. तुला काय समजावू?" तिने लॅपटॉप मिटला, चहा न घेताच चप्पल घातली, आणि दारातून इतकंच म्हणाली, "वाईट वाटलं मला, कुणे. खोटं नाही सांगत."

तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत कुणाली दारात उभी होती. माफी मागावी असं वाटत होतं, पण माफीपेक्षाही जास्त, तो लॅपटॉप परत उघडावा असं वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच पोटात होत्या. त्यांचं आपसात पटत नव्हतं.

मंगळवारी तिने मनूला कडेवर घेतलं. "आई, एक सुपारी द्या ना."

"पयली काय झाली?"

"तुम्ही खाल्लीत."

"मंग म्हागात पडली ती," अंबूबाई म्हणाल्या आणि चंचीतली सगळ्यांत मोठी काढून दिली.

टोपलीत सगळ्या घरांच्या सुपाऱ्या भरल्या. चंदर म्हणाला, ऑर्केस्ट्रा गेला आणि दगड आले. नम्रताने सगळ्यांना हात जोडले. कुणालीपाशी आल्यावर मात्र जोडलेले हात तिने जरा लवकर खाली घेतले.

पुढे शाळेच्या मागच्या खोलीत दुपारी कुणाली बसायला लागली. नम्रता कधी यायची, कामापुरतं बोलायची. "हा कॅमेऱ्याचा दोष आहे." "नाही, परत फिरव." "कुणे, तो हलत नाहीये." "तुझा चष्मा पूस." हळूहळू भांडण जुन्या बाकावरच्यासारखं व्हायला लागलं, पण अगदी तसं नाही.

एका दुपारी मुरबाडहून पेपरवाले आले. हेडसर दारातून म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर येता का, फोटो काढायचाय."

"चल, तू पण," नम्रता म्हणाली.

"जा तू. मनू झोपलीये."

पोटात दुखायचं ते दुखलंच. बाहेर मुलांच्या रांगेत नम्रता उभी राहिली, कोणीतरी तिला जरा डावीकडे सरकायला सांगत होतं. मांडीवर मनू तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. कुणालीने पुढचे चार फोटो लावले.

एक. दोन. खालच्या कोपऱ्यात, दोन ठळक ताऱ्यांच्या मधून, अगदी फिकट काहीतरी निघालं. तीन. चार. सरळ चाललं होतं, कोणाची परवानगी न घेता. तिने परत फिरवून पाहिलं, मग आणखी एकदा. कॅमेऱ्याचा दोष नव्हता. जगात कोणाला तो आधीच ठाऊक असेलही. या खोलीत मात्र अजून कोणाला नव्हता.

खिडकीतून हाक मारली असती तर नम्रता धावत आली असती, आणि तिच्यामागून हेडसर, पेपरवाले, सगळेच. कुणालीने हाक मारली नाही. मनूच्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस तिने बोटाने मागे सारले आणि हलक्या हाताने तो ठिपका परत चालवला. फोटो संपून नम्रता आत येईपर्यंत तो तिचा एकटीचा होता.